सिगारेट सुटली, वेप राहिलं

इंग्लंडमध्ये सिगारेट सोडायला आलेल्या माणसाच्या हातात सरकारी सेवेतला सल्लागार वेप ठेवतो, तेही फुकट. २०२३ साली तिथल्या सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना वेपचा संच द्यायची योजना जाहीर केली. भारतात तेच यंत्र विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी.

माझी थोरली बहीण मिरजेत छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. चाळिशी ओलांडली आहे, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून सिगारेट ओढत होता आणि वेपच्या आधाराने ती सुटली. मी मधली. या विषयावर दोघांचं व्हिडिओ कॉलवर बरेचदा वाजतं. त्यातलं कामाचं बोलणं दोघांना विचारून इथे मांडते आहे. वेप धरलेल्या अनेकांच्या मनात जी भीती आहे, तीच आमच्या धाकट्याच्याही मनात आहे.

धाकटा : ताई, सकाळी उठल्यावर खोकला येतो. सुका. छाती आवळल्यासारखी वाटते. सिगारेट ओढायचो तेव्हा कफ पडायचा. आता कफ नाही, पण ही ढास आहे. सिगारेट सोडून तीन वर्षं होतील. आतापर्यंत फुप्फुसं साफ व्हायला नकोत का?

ताई : सिगारेट सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढतो, ते समजू शकते. श्वासनलिकेच्या अस्तरावर बारीक रोम असतात, धुराने ते लुळे पडलेले असतात. धूर थांबला की ते परत कामाला लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात. पण तीन वर्षांनी ते कारण चालत नाही. तुझ्या श्वासातून रोज काहीतरी आत जातंय, त्याचा विचार करायला हवा.

धाकटा : म्हणजे वेपच. बोललीस शेवटी.

ताई : शक्यता म्हणाले. आधी ऐकून तर घे.

धाकटा : नाही, तू आधी ऐक. सिगारेट ओढताना तिचं टोक नऊशे अंशांच्या आसपास तापतं. पान जळतं, कागद जळतो. त्या धुरात सात हजारांवर रसायनं, त्यातली सत्तरेक कर्करोग करणारी. वेपमध्ये काही जळतच नाही. प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि चवीचा अर्क. कॉइल तापते, त्याची वाफ होते. डांबर नाही. इथल्या सेवेत पहिल्या दिवशी एका नळीत फुंकायला लावलं होतं. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघून मीच घाबरलो. वेपवर गेल्यानंतरच्या भेटीत तोच आकडा कधीही सिगारेट न ओढलेल्या माणसाइतका आला. हे खोटं आहे का?

ताई : अजिबात नाही. आणि सिगारेटपेक्षा वेप कमी घातक आहे, हे मी कुणालाही सांगेन. माझ्या व्यवसायातले काही लोक हे कबूल करायला कचरतात. मी कचरत नाही.

धाकटा : मग भांडण कशाचं?

ताई : तू कशाशी तुलना करतोस त्याचं. सिगारेटशी तुलना केली तर वेप जिंकणारच, सिगारेटीइतकी वाईट दुसरी वस्तू बाजारात आहे कुठे? पण फुप्फुसाला तुलना कळत नाही. त्याला फक्त आत काय आलं ते कळतं. माझी तुलना स्वच्छ हवेशी आहे.

इथेच दोघांची गल्लत होते, असं मला दर वेळी वाटतं. ‘सिगारेटपेक्षा बरं का?’ हा एक प्रश्न आणि ‘माझ्या फुप्फुसाला काही होतंय का?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पुष्कळसं हाती आहे. दुसऱ्याचं उत्तर प्रत्येकाच्या छातीवर अवलंबून आहे. धाकट्याला भीती दुसऱ्या प्रश्नाची वाटते आणि धीर मात्र तो पहिल्याच्या उत्तरातून घ्यायला बघतो.

धाकटा : पब्लिक हेल्थ इंग्लंडने २०१५ मध्ये सांगितलं होतं, वेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी अपायकारक. सरकारी संस्था होती ती. कंपनीची जाहिरात नव्हे.

ताई : तो आकडा कुठून आला ते बघ. तज्ज्ञांच्या एका गटाने एकत्र बसून वेगवेगळ्या निकोटिन उत्पादनांना अपायाचे गुण दिले, ते २०१४ मध्ये छापून आलं. कुणाचं फुप्फुस मोजून काढलेला तो आकडा नाही. जाणकारांचा अंदाज म्हणून मी त्याला मान देते. पण अंदाज बांधला तेव्हाची यंत्रं वेगळी होती, आजची वेगळी. आणि सिगारेट सरसकट वापरात आल्यानंतर किती वर्षांनी फुप्फुसाचे कर्करोग दिसायला लागले? पहिल्या महायुद्धात सैनिकांना सिगारेटी वाटल्या, तो संबंध दाखवणारा डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा निबंध आला १९५० मध्ये. मधे एक पिढी गेली. आजचं वेप २००३ च्या सुमारास चीनमध्ये होन लिक या औषधशास्त्रज्ञाने बनवलं. तुमच्याकडे घरोघर पोचून पंधरा वर्षं झाली असतील. वीस-तीस वर्षं वेप ओढलेल्या लोकांची फुप्फुसं आमच्यासमोर अजून आलेलीच नाहीत.

धाकटा : त्या होन लिकचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. तो स्वतः भरपूर सिगारेट ओढायचा. त्याला जे हवं होतं तेच मला हवं होतं, ताई.

बाबांचं नाव त्याने घेतलं नाही, पण आम्हा तिघांनाही ते आठवले. बाबांना सीओपीडी हा फुप्फुसाचा आजार होता. शेवटची वर्षं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची नळी जितकी लांब, तितकंच त्यांचं घर. संडासला जाऊन आले तरी पलंगावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास घ्यायचे. धाकट्याची आजची भीती तिथून आली आहे, आणि ती मला खरी वाटते. तिला ‘उगीच काळजी करतोस’ म्हणून उडवून लावणं मला जमत नाही.

ताई : बाबांचं सांगते. फ्लेचर आणि पीटो यांनी लंडनच्या कामगारांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९७७ मध्ये एक गोष्ट मांडली. तिशीनंतर आपल्या सगळ्यांचीच जोरात फुंकायची ताकद दर वर्षी थोडी कमी होते, साधारण पंचवीस-तीस मिलिलिटर. सिगारेट ज्यांना बाधते त्यांची ती दुप्पट वेगाने किंवा त्याहून जास्त घटते. सोडली की गेलेलं परत येत नाही, पण घसरण्याचा वेग पुन्हा साधारण माणसासारखा होतो. बाबांनी साठीनंतर सोडली. तू चाळिशीत सोडलीस. हा फरक फार मोठा आहे. वेपमुळे मिळाला असला, तरी मिळाला. मी वेपवर रागावते, पण तुझ्या सिगारेट सोडण्याला मी कधी कमी लेखलेलं नाही.

धाकटा : मग परवा मला काय वाटलं ते सांगतो. पेपरात ‘पॉपकॉर्न लंग’ वाचलं. रात्रभर झोप नाही. सकाळी दुकानासमोर उभा राहिलो आणि मनात आलं, हेही तेवढंच वाईट असेल तर निदान सिगारेटची मजा तरी घ्यावी.

ताई : घेतलीस?

धाकटा : नाही.

ताई : हे मात्र फार भयंकर आहे. अशी बातमी वाचून कुणी सिगारेटकडे परतला तर त्या बातमीने त्याचं नुकसानच केलं. नीट ऐक. २००० साली अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या पॉपकॉर्नच्या कारखान्यातले कामगार आजारी पडले. बारीक श्वासनलिका कायमच्या आक्रसल्या होत्या. लोण्याच्या चवीसाठी वापरायच्या डायॲसिटिलची वाफ ते पाळीच्या पाळी हुंगत होते. काही वेप लिक्विडमध्येही डायॲसिटिल सापडलं, म्हणून हे नाव वेपला चिकटलं. तुमच्याकडे २०१६ पासून लिक्विडमध्ये ते घालायला बंदी आहे. दुकानातून घेतलेल्या नियमातल्या लिक्विडबाबत ती भीती बाळगू नकोस.

धाकटा : आणि ते अमेरिकेतले तरुण? व्हेंटिलेटरवर गेलेले?

ताई : ते २०१९. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यातले ६८ मृत्यू. त्यांच्यापैकी बहुतेकांनी गांजातलं टीएचसी घातलेली तेलं ओढली होती, पुष्कळदा चोरट्या बाजारातली. तेल दाट दिसावं म्हणून त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं. ५१ रुग्णांच्या फुप्फुसातून धुऊन काढलेलं पाणी तपासलं, त्यात ४८ जणांच्या पाण्यात ते सापडलं. तू जे ओढतोस ते हे नव्हे.

धाकटा : हे तू मला आधी का नाही सांगितलंस?

ताई : तू विचारलं नाहीस. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, भीतीने का होईना, सोडशील.

ताईचं हे मला पटलं नाही, तिला तसं सांगितलंही. घाबरलेला माणूस वेप सोडतोच असं नाही. बरेचदा तो जुनी, ओळखीची सिगारेट धरतो.

ताई : पण त्यातून मला एक दिसलं, ते तूही बघ. व्हिटॅमिन ई ॲसिटेट अंगाला लावायच्या क्रीममध्ये असतं, पोटात घ्यायच्या गोळीत असतं. तिथे बिनघोर. फुप्फुसात गेलं आणि माणसं मेली. डायॲसिटिल तर खाण्यातलंच. पोटाला चालतं ते फुप्फुसाला चालेल असं नसतं. तू आंब्याची, पुदिन्याची, दालचिनीची चव ओढतोस. ते अर्क खाण्यासाठी मान्य झालेत. तापवून वर्षानुवर्षं श्वासात घेण्यासाठी त्यांची परीक्षा झालेली नाही.

धाकटा : दालचिनी नाही ओढत.

ताई : बरं. आणि जळकी चव येते का कधी?

धाकटा : येते ना. टँकमधलं लिक्विड संपत आलं की कॉइलभोवतीचा कापूस कोरडा पडतो. लक्षात नाही आलं आणि झुरका घेतला की घसा ओरबाडून निघतो. मग कॉइल बदलायची. दोन-दोन आठवडे बदलली नाही तर लिक्विड असूनही तसंच होतं, ती काळी पडते.

ताई : आणि तू आळसाने बदलत नाहीस. कढईत तेल जळल्यावर डोळे झोंबतात, ते ॲक्रोलिनमुळे. ग्लिसरीन जास्त तापलं की तेच तयार होतं. जोडीला फॉर्मल्डिहाइड. तू म्हणतोस वेपमध्ये काही जळत नाही. नीट ठेवलं तर. जळका झुरका आला की तो पुरा करायचा नाही, यंत्र खाली ठेवायचं. आणि कॉइलवर पैसे वाचवायचे नाहीत.

मग गाडी आकड्यांवर आली. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेला एक अभ्यास आहे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. सिगारेट सोडू बघणाऱ्यांपैकी अर्ध्यांना वेप दिलं, अर्ध्यांना निकोटिनचे पॅच, च्युइंगगम वगैरे. वर्षभराने वेप गटातले १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. धाकट्याला हा अभ्यास जवळपास पाठ आहे. ताईलाही. फक्त दोघं वेगवेगळ्या ओळी वाचतात.

धाकटा : जवळजवळ दुप्पट, ताई! तुझ्या पॅचच्या दुप्पट. खोकला आणि कफही वेपवाल्यांचा जास्त कमी झाला होता.

ताई : पुढचं वाच. वेपने सोडलेल्यांपैकी वर्षाअखेर ८० टक्के जण अजून वेप ओढतच होते. पॅच-गमवाल्यांपैकी ते वापरत राहिलेले ९ टक्के. तू त्या ८० टक्क्यांतला आहेस. हाड जुळेपर्यंत प्लास्टर ठेवतात. तू तीन वर्षं प्लास्टर घालून फिरतोयस.

धाकटा : हाड जुळलं की नाही ते कोण ठरवणार? प्लास्टर काढलं आणि पुन्हा मोडलं तर? तलफ काय असते ते तुला माहीत नाही. ऑफिसातून बाहेर पडताना, जेवणानंतर, आईचा फोन ठेवल्यावर. शरीर मागतं. वेप सोडायच्या नादात सिगारेट परत आली तर तीन वर्षांचं सगळं गेलं.

ताई : म्हणूनच उद्या सोड असं म्हणत नाही. कधी सोडणार हे तरी ठरव, एवढंच म्हणते.

दोघांत सर्वांत कडू वाद होतो तो मात्र भारतातल्या बंदीवरून. धाकटा घरी येतो तेव्हा वेप आणत नाही, कायद्याने आणताच येत नाही. मग तीन आठवडे तो काय करतो, ते ताईला ठाऊक होतं, पण तिने त्याच्या तोंडून वदवून घेतलं.

धाकटा : टपरीवर जातो. एक सुटी मागतो. मिळते. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे म्हणे. कुणाला आहे बंदी? जी वस्तू सिगारेटपेक्षा कमी वाईट असं तूच म्हणतेस, ती आणली तर गुन्हा. आणि जिने बाबांना नेलं ती बसस्टँडच्या बाहेर, शाळेच्या वाटेवर, देवळाच्या कोपऱ्यावर. हे कसलं आरोग्याचं धोरण?

ताई : तुझं म्हणणं मला ऐकवत नाही, कारण त्यात तथ्य आहे. पण माझ्या ओपीडीत बसून बघ. आपल्याकडे २०१६-१७ च्या पाहणीत पंधरा वर्षांवरच्या लोकांत तंबाखू घेणारे २८.६ टक्के होते आणि त्यांतले बहुतेक खाणारे, चघळणारे, मिश्री लावणारे. विडी ओढणारा यंत्रमागावरचा कामगार हजार-दोन हजारांचं यंत्र घेऊन लिक्विड भरत बसणार नव्हता. वेप घेणार होती कॉलेजातली मुलं, जी सिगारेटला शिवलीही नव्हती. चोरून येतं तेही त्यांच्याचकडे. तुमच्याकडेच बघ ना, ११ ते १७ वयातल्या पाचांतल्या एकाने वेप ओढून बघितलेलं. शेवटी १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या वेपवर तुम्हालाही बंदी घालावी लागली.

धाकटा : फेकायच्या वेपवर. सगळ्यावर नाही. आणि चोरून येणाऱ्यात निकोटिन किती, चव कसली, कुणी बघतं? इथे एका मिलिलिटरमध्ये वीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तुमच्या त्या मुलांना काय मिळतं ते देवाला ठाऊक.

ताई : तेही खरं.

बंदीबद्दल माझं मत धाकट्याच्या बाजूला झुकतं. मुलांपासून वेप दूर ठेवावं, यात शंका नाही. पण सिगारेट कोपऱ्याकोपऱ्यावर ठेवून फक्त वेप बंद करणं हा न्याय मला पटत नाही. तरीही त्या तीन आठवड्यांबद्दल मी ताईच्या बाजूने आहे, कारण तिथे कायद्याला दोष देऊन धाकट्याचं फुप्फुस वाचत नाही.

ताई : २०१७ चा अभ्यास तुझ्याच विलायतेतला आहे. फक्त वेप ओढणाऱ्यांच्या लघवीत तंबाखूतल्या एका कर्करोगकारक द्रव्याची खूण सिगारेटवाल्यांपेक्षा ९७ टक्के कमी होती. वेप आणि सिगारेट दोन्ही ओढणाऱ्यांत फारसा फरकच पडला नव्हता. म्हणजे वेपचा फायदा पूर्ण सोडणाऱ्याला. येताना तिकडच्या केमिस्टकडून पॅच घेऊन ये. इथे दोन मिलिग्रॅमचं निकोटिन गम कुठल्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. आणि १८००-११-२३५६ या सरकारी क्विटलाइनवर फुकट बोलता येतं. टपरीवर जायची वेळच येता कामा नये.

धाकटा : पॅच आणेन. क्विटलाइनचं बघतो.

ताई : आता खोकल्याचं. रक्तदाबाची गोळी कुठली चालू आहे तुला?

धाकटा : रॅमिप्रिल. गेल्या हिवाळ्यात सुरू झाली.

ताई : आणि खोकला कधीपासून?

धाकटा : ...हिवाळ्यानंतरच. पण मी तर वेपलाच धरून बसलो होतो.

ताई : रॅमिप्रिलने सुका खोकला होतो. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना. तीच असेल असं म्हणत नाही, पण तुझ्या जीपी डॉक्टरांना सांग, ते गोळी बदलून बघतील. स्वतःहून बंद करू नकोस. शिवाय प्रॉपिलिन ग्लायकॉलने घसा कोरडा पडतो, तेही असेल. पित्त वर येत असेल. तुमच्या त्या ओल्या भिंतींवरची बुरशी असेल. तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला, मग तो कुणाचाही असो, दाखवायचाच. कफात रक्त दिसलं, वजन घटलं, जिना चढताना पूर्वी लागत नव्हती तेवढी धाप लागली, तर त्याच दिवशी फोन करायचा. जीपीला सगळं सांगायचं, किती वर्षं सिगारेट, किती वर्षं वेप, लिक्विडची ताकद किती. लपवायचं नाही.

धाकटा : सीटी स्कॅन करून घेऊ?

ताई : तुमच्याकडे धूम्रपान केलेल्या लोकांची स्कॅनने तपासणी होते ती ५५ ते ७४ वयासाठी. तुला आत्ता आधी स्पायरोमेट्री हवी. नाकाला चिमटा लावतील, छाती पूर्ण भरून घ्यायला सांगतील आणि मग एका दमात फुंकायचं. बाजूला उभी असलेली बाई ओरडत राहील, फुंका, फुंका, अजून, अजून, अजून. पहिल्या सेकंदात जोर लावायचा आणि निदान सहा सेकंद सोडायचं नाही. तोंड नळीवर घट्ट. लोक चौथ्या सेकंदाला थांबतात आणि रिपोर्ट फुकट जातो. तीनदा करावं लागतं. तपासणीच्या आधी तासभर तरी वेप ओढू नकोस.

धाकटा : आणि वेपचं? वीसवरून दहावर येऊ?

ताई : ये. आधी ताकद कमी, मग दोन झुरक्यांमधलं अंतर वाढव. घरात ओढायचं नाही, बाहेर जाऊनच. तलफ फार झाली तर गम. तुमच्याकडे २०२४ पासून सायटिसिन या गोळ्यांचा पंचवीस दिवसांचा कोर्स मिळतो, सिगारेट सोडण्यासाठी. वेप सोडायला तो तुला देता येईल का, ते सेवेतल्या लोकांना विचार. घसरण्याची भीती वाटली तर एक पायरी मागे ये, पण वेपवरच थांब. सिगारेटवर जायचं नाही. हे मीच सांगतेय, लिहून ठेव.

धाकटा : स्पायरोमेट्री नॉर्मल आली तर?

ताई : तर वेप निर्धोक आहे असा अर्थ काढायचा नाही. वेपने अस्तराला येणारी सूज त्या आलेखात दिसेलच असं नाही. आणि थोडी कमी आली, तर वेपनेच केलं असंही म्हणायचं नाही. त्यामागे तुझी वीस-बावीस वर्षांची सिगारेट आहे.

धाकटा : मग नॉर्मल आली तरी अर्थ नाही, कमी आली तरी अर्थ नाही. करायची कशासाठी?

ताई : पुढच्या वर्षी पुन्हा करायची म्हणून. बाबांची पहिली स्पायरोमेट्री झाली तेव्हा निम्मी ताकद गेलेली होती. आधीचा आकडाच नव्हता, कधीपासून आणि किती वेगाने घसरले ते कुणाला सांगता आलं नाही. तुझा या वर्षीचा आकडा आपल्याकडे हवा. पुढच्या वर्षी त्यातून पंचवीस-तीस मिलिलिटर कमी झाले तर ते वयाचं. त्याहून बरेच जास्त गेले आणि दुसऱ्यांदा करूनही तसंच दिसलं, तर वेप दहाचं की वीसचं यावर आपण वाद घालत बसणार नाही.

धाकटा : सोमवारी जीपीला फोन करतो.

ताई : रिपोर्टचा नुसता आकडा नको. आलेखाचा फोटो पाठव. सहा सेकंद फुंकलंस की नाही, ते मला बघायचं आहे.